'गोरिला' : एका विनोदी फ्रेंच गीताचा अन्वयार्थ

प्रस्तावना

फ्रेंच भाषेत 'शांसों' या नावाने ओळखले जाणारे गीत हा केवळ गायनाचा प्रकार नाही. त्यात शब्दाला सुराइतकेच, किंबहुना कांकणभर अधिक महत्त्व असते. शब्द, चाल आणि गायन ही तिन्ही कामे पुष्कळदा एकच कलावंत करतो आणि त्याच्या रचना कविता म्हणूनही वाचल्या जातात. जॉर्ज ब्रासँस (१९२१-१९८१) हे या परंपरेतील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे एक अग्रगण्य नाव होय. १९६७ मध्ये फ्रेंच अकादमीने काव्यासाठीचा आपला मोठा पुरस्कार त्यांना दिला. गिटार घेऊन रंगमंचावर उभा राहणारा, मिशाळ, काहीसा बुजरा वाटणारा हा गायक कवी आहे, ही गोष्ट त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाली. श्रोत्यांनी ती त्यापूर्वीच मान्य केली होती.

ब्रासँस यांच्या गीतांत प्राण्यांचा वावर मोठा आहे. कोठे एखादीचे लाडके बदक आहे, कोठे मांजराचे पिलू आहे, तर कोठे पावसापाण्यात राबणारा लहानसा पांढरा घोडा आहे. हे प्राणी गरीब आहेत आणि श्रोत्याच्या मनात माया उत्पन्न करतात. १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'ल गोरीय', म्हणजे 'गोरिला', या गीतातील प्राणी मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो माया उत्पन्न करीत नाही, हसू उत्पन्न करतो. आणि ते हसू रंगात आले असताना गीताच्या अखेरच्या ओळींत श्रोत्याच्या घशाशी अडकते. हे गीत मृत्युदंडाच्या विरोधात आहे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरेच आहे. तथापि ते नेमके कोणत्या मार्गाने विरोध करते, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ हाती लागत नाही. 'न्यायाधीशाला त्याच्या कर्माचे फळ मिळाले' असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो. गीताची रचना त्या अर्थाला दुजोरा देत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

गीतकार आणि त्याचा काळ

ब्रासँस यांचा जन्म भूमध्य समुद्राच्या काठावरील सेत या बंदराच्या गावी २२ ऑक्टोबर १९२१ रोजी झाला. वडील गवंडीकाम करणारे आणि धर्मसंस्थेपासून दूर राहणारे, तर इटालियन वंशाची आई श्रद्धाळू कॅथलिक होती. तरुणपणी काही मित्रांसमवेत चोऱ्या केल्याच्या प्रकरणात त्यांना न्यायालयासमोर उभे राहावे लागले. शिक्षा सौम्य आणि स्थगित स्वरूपाची होती. पण गावात नाव खराब झाले आणि १९४० मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. पुढे जर्मन अमलाखाली सक्तीच्या श्रमसेवेसाठी १९४३ च्या मार्चमध्ये त्यांना बर्लिनजवळच्या बासडॉर्फ येथे विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात धाडण्यात आले. वर्षभराने मिळालेल्या रजेवर ते पॅरिसला आले ते परत गेलेच नाहीत. चौदाव्या विभागातील एका बोळात, ना धड पाणी ना धड उजेड अशा घरात, ते लपून राहिले. युद्ध संपल्यावरही पुढची अनेक वर्षे त्यांनी तेथेच काढली. १९४६-४७ च्या सुमारास 'ल लिबेर्तेर' या अराज्यवादी नियतकालिकासाठी त्यांनी लेखनही केले. पोलीस, न्यायालय, सैन्य, गणवेश या साऱ्यांविषयी त्यांच्या मनात जी अढी दिसते, ती अशी अनुभवातून आलेली आहे.

१९५२ मध्ये माँमार्त्र येथील पाताशू या गायिकेच्या कॅबरेमध्ये त्यांना प्रथम खरा श्रोतृवर्ग लाभला. त्याच वर्षी जाक कानेती यांच्या पुढाकाराने त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या आणि त्यांत 'गोरिला' होते. फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीने या गीताला दारे बंद केली. १९५५ मध्ये 'यूरोप १' हे खासगी केंद्र सुरू झाल्यावरच ते नभोवाणीवरून ऐकू येऊ लागले. बंदीचे कारण अश्लीलता हे मानले गेले आणि वरकरणी ते पटण्यासारखेही आहे. परंतु ज्या देशात गिलोटिन अद्याप चालू होते, तेथे अश्लीलतेची ओरड करून मूळ मुद्दा दृष्टिआड करणे सोयीचेही होते, असे म्हणण्यास जागा आहे.

गीताचे कथानक

गीत नऊ कडव्यांचे आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी गोरिलापासून सावध राहण्याचा इशारा देणारे छोटेसे पालुपद येते. चाल उडती, मोजक्या स्वरसंघांवर बेतलेली, काहीशी एकसुरी, जत्रेतल्या गाण्यासारखी.

एका प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याच्या रुंद गजांमधून परिसरातील बायका एका बलदंड गोरिलाकडे टक लावून पाहत आहेत. लोकलज्जेची त्यांना पर्वा नाही. त्यांची नजर त्याच्या एका विशिष्ट अवयवावर खिळलेली आहे. त्याचे नाव घेण्यास आपल्या आईने सक्त मनाई केली आहे, असे निवेदक साळसूदपणे सांगतो. एवढ्यात पिंजऱ्याचे दार उघडते. का उघडले ते कोणास ठाऊक. नीट लावले गेले नसावे. गोरिला बाहेर येतो, आणि आज आपले ब्रह्मचर्य संपणार असे मनाशी ठरवूनच येतो. मालक हवालदिल होऊन ओरडतो की या प्राण्याने आजवर मादी पाहिलेली नाही. ते ऐकताच मघाच्या धीट प्रेक्षक स्त्रिया पळत सुटतात. सगळा जमाव पांगतो. मागे राहतात दोघेच : एक जराजर्जर म्हातारी आणि एक तरुण न्यायाधीश.

म्हातारी उसासा टाकून स्वतःशी म्हणते की, या वयात कोणाला आपली अभिलाषा वाटावी ही नवलाची, आणि खरे सांगायचे तर अनपेक्षित भाग्याची गोष्ट ठरेल. न्यायाधीश निर्विकारपणे विचार करतो की, आपल्याला कोणी वानरी समजावे हे सर्वथा अशक्य आहे. पुढे काय घडले त्यावरून त्याचे म्हणणे चुकीचे ठरले, एवढेच गीत सांगते. मग निवेदक श्रोत्यांनाच पेच घालतो : अशी वेळ तुमच्यावर आली, तर या दोघांपैकी कोणाची निवड कराल? स्वतः निवेदक म्हातारीची निवड करता. गोरिला मात्र प्रणयात कितीही पटाईत असला, तरी अभिरुची आणि बुद्धी यांबाबतीत त्याची ख्याती नाही. तो न्यायाधीशाचा कान पकडून त्याला झुडपात ओढून नेतो. पुढचे वर्णन मोठे गमतीचे झाले असते, पण ते आपल्याला सांगता येत नाही, अशी हळहळ निवेदक व्यक्त करतो. कारण ऐन क्षणी तो न्यायाधीश 'आई' म्हणून ओरडला आणि खूप रडला. त्याच दिवशी त्याने ज्या माणसाचे शिर उतरवण्यास लावले होते, तो जसा ओरडला आणि रडला होता तसा.

गीत येथे संपते. त्या माणसाविषयी एक शब्दही अधिक सांगितला जात नाही.

प्राणी आणि न्यायालय : एक जुने नाते

फ्रेंच साहित्यात प्राणी आणि न्यायालय यांची गाठ ब्रासँस यांनी प्रथमच घातली असे नाही. बाराव्या-तेराव्या शतकांत रचल्या गेलेल्या 'रनार' या कोल्ह्याच्या कथाचक्रात सिंहाच्या दरबारी कोल्ह्यावर चाललेला खटला हा मध्यवर्ती प्रसंग आहे. सतराव्या शतकात ला फोंतेन यांनी प्लेगने ग्रासलेल्या प्राण्यांची कथा लिहिली. त्या कथेत सिंहाचे मोठे अपराध माफ होतात आणि चिमूटभर गवत खाणाऱ्या गाढवाचा बळी जातो. न्याय हा अपराध पाहून होत नाही, अपराध्याचे बळ पाहून होतो, हा तिचा आशय फ्रान्समधील शाळकरी मुलांनाही परिचित असतो. मराठी वाचकाला या वळणाची कथा परकी वाटू नये. १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बोधकथांच्या दुसऱ्या संग्रहाच्या निवेदनात ला फोंतेन यांनी 'पिल्पे' नामक भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मानले आहे, आणि पिल्पेच्या नावावर युरोपात पोहोचलेल्या कथांचे मूळ पंचतंत्रात आहे.

साहित्याबाहेरचा इतिहास तर अधिक विलक्षण आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये माणसाचा जीव घेणाऱ्या प्राण्यांवर रीतसर खटले चालत. नॉर्मंडीतील फालेझ येथे १३८६ मध्ये एका बालकाच्या मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या डुकरिणीला देहान्ताची शिक्षा देण्यात आली. तिला माणसाचे कपडे घालून वधस्तंभाकडे नेले होते, अशी परंपरागत हकीकत आहे. कपडे घातल्यावाचून तिला शिक्षा देणे त्या काळच्या न्यायबुद्धीलाही अवघड वाटले असावे. 'गोरिला' गीतात हीच मांडणी नेमकी उलटी झाली आहे. फालेझला न्यायासनाने प्राण्याला माणसाचा वेष देऊन मारले. येथे प्राणी न्यायासनाला त्याच्या वेषासकट झुडपात ओढतो.

गोरिला या प्राण्याची निवडही सहज झालेली नाही. युरोपीय विज्ञानाला त्याची रीतसर ओळख १८४७ मध्ये झाली आणि लवकरच तो स्त्रियांना पळवून नेणारा नरपशू म्हणून कल्पनेत स्थिरावला. एमानुएल फ्रेमिए या शिल्पकाराच्या, स्त्रीला कवेत घेऊन निघालेल्या गोरिलाच्या शिल्पाला १८८७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सर्वोच्च सन्मान मिळाला. १९३३ च्या 'किंग काँग' या चित्रपटाने ती प्रतिमा जगभर नेली. प्रत्यक्षातील गोरिला हा बहुतांशी वनस्पतींवर जगणारा, कुटुंब करून राहणारा शांत प्राणी आहे, ही गोष्ट वेगळी. श्रोत्याच्या मनात अपहरणाचे ते चित्र आधीच तयार आहे, याची ब्रासँस यांना जाण आहे. पहिली चार कडवी ते चित्र श्रोत्यासमोर धरतात आणि नंतर त्यातील स्त्री काढून तेथे न्यायाधीश ठेवतात.

झगा आणि लाकूड

गीतातील दोन शब्द भाषांतरात हरवतात. त्यांचा खुलासा आवश्यक आहे.

पहिला शब्द 'रोब'. फ्रेंचमध्ये स्त्रीच्या पायघोळ पोशाखाला हा शब्द आहे आणि न्यायाधीशाच्या झग्यालाही तोच आहे. गोरिला म्हातारी आणि न्यायाधीश यांच्या 'रोब'कडे झेपावतो, असे कवी म्हणतो. दोघांसाठी एकच शब्द वापरल्याने गोरिलाच्या डोळ्यांना काय दिसते ते आपोआप कळते : त्याला दोन झगे दिसतात. समाजाच्या दृष्टीने न्यायाधीशाचा झगा हा सत्तेचे चिन्ह आहे. तो अंगावर असताना उच्चारलेला शब्द माणसाचा प्राण घेऊ शकतो, आणि तो उतरवल्यावर तेच शब्द निरर्थक ठरतात. या सामाजिक कराराची गोरिलाला वार्ता नाही. त्याच्या लेखी झगा म्हणजे झगा. विनोद शब्दश्लेषाचा आहे. पण सत्तेचे वस्त्र हे अखेर वस्त्रच असते, हे सांगण्याचा याहून नेमका मार्ग सापडणे कठीण.

दुसरा शब्द लाकडाचा. तरुण न्यायाधीशाचे वर्णन कवीने न तासलेल्या, ओबडधोबड लाकडाचा असे केले आहे. मराठीत 'ठोकळा' म्हणतो तसा हा भावशून्य मनुष्य, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु फ्रेंचमध्ये गिलोटिनच्या सांगाड्याला 'न्यायाची लाकडे' असे म्हणण्याची रीत होती. फ्रेंच श्रोत्याच्या कानाला त्या शब्दप्रयोगाची आठवण या ठिकाणी होऊ शकते. तसे झाल्यास, माणूस आणि तो चालवीत असलेले यंत्र एकाच जिन्नसाचे बनले आहेत, असा अर्थ निघतो. हा अर्थ कवीला अभिप्रेत होताच असे ठामपणे म्हणता येणार नाही. गीतात तो बसतो, एवढे मात्र म्हणता येते.

अखेरच्या शब्दाचे कार्य

आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, हसण्यासाठी हृदयाला तात्पुरती भूल द्यावी लागते. ज्याच्याविषयी करुणा वाटते त्याला हसता येत नाही. या विचाराच्या आधारे 'गोरिला' गीताची बांधणी चांगली उलगडते. जवळजवळ संपूर्ण गीतभर श्रोत्याच्या हृदयाला भूल दिलेली असते. पळणाऱ्या बायका, आशावादी म्हातारी, ठोकळा न्यायाधीश ही सारी बाहुल्यांची मांडणी आहे. यातील कोणालाही नाव नाही, पूर्वायुष्य नाही. झुडपाआड काय घडले त्याचीही श्रोता कल्पना करतो ती मजेनेच. शेवटच्या ओळीत ही भूल एका क्षणात उतरते. ज्या रडण्याला श्रोता आत्ता हसला, तेच रडणे त्या दिवशी आधीही एकदा झाले होते, आणि त्या वेळी ते हसण्यासारखे नव्हते.

या ठिकाणी काळाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये शेवटचा जाहीर शिरच्छेद १७ जून १९३९ रोजी व्हर्साय येथे झाला. त्या वेळच्या गर्दीच्या वर्तनामुळे इतका गहजब झाला की, त्यानंतर अवघ्या आठवडाभरात जाहीर अंमलबजावणी बंद करण्यात आली. पुढे शिरच्छेद तुरुंगाच्या भिंतीआड, पहाटेच्या सुमारास होत. 'त्याच दिवशी' या शब्दांचा अर्थ म्हणूनच असा लागतो : हा तरुण मनुष्य पहाटेचे काम आटोपून आला आहे, आणि आता प्राणिसंग्रहालयात हिंडत आहे. त्याची दिनचर्या बिघडलेली नाही. गीतातले सर्वांत भयंकर वाक्य हे आहे, आणि ते उच्चारले जात नाही.

आणखी एका बारकाव्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिल्या कडव्यात निवेदकाची आई आहे : तिने एक शब्द उच्चारण्यास बंदी केली आहे. शेवटच्या कडव्यात न्यायाधीशाची आई आहे, आणि तुलनेच्या द्वारे त्या मरणाऱ्या माणसाचीही आई आहे. प्रारंभीची आई शिष्टाचार शिकवणारी आहे. काय बोलू नये हे सांगणारी. अखेरची आई ही, सर्व शिष्टाचार गळून पडल्यावर माणसाच्या तोंडून निघणारा पहिला आणि शेवटचा शब्द आहे. ज्या समाजात एका अवयवाचे नाव घेणे निषिद्ध आहे, त्या समाजात माणसाचे शिर धडावेगळे करणे निषिद्ध नाही, हा विरोध कवीने कोठेही बोलून दाखवलेला नाही. दोन आयांमध्ये तो ठेवून दिला आहे.

पालुपदापूर्वीचा गीतातील अखेरचा फ्रेंच शब्द 'मान' या अर्थाचा आहे. मराठीत 'मान' म्हणजे ग्रीवा आणि 'मान' म्हणजे प्रतिष्ठा. मूळ भाषेत हा श्लेष नाही. मराठीत गीत आणू पाहणाऱ्याला तो अनायासे सापडेल, आणि त्याचा मोह आवरावा की आवरू नये असा पेचही पडेल.

सूड की अपघात?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. न्यायाधीशाला त्याच्या क्रौर्याबद्दल शासन झाले, असे गीत म्हणते काय? तसे असेल, तर मृत्युदंडाला विरोध करणारे हे गीत स्वतःच 'जशास तसे' या तत्त्वावर उभे राहते. प्राणाच्या बदल्यात प्राण, अपमानाच्या बदल्यात अपमान, ही विचारसरणी गिलोटिनच्या समर्थकांचीच आहे. गीतावर असा आक्षेप घेता येतो, आणि तो वरवरचा नाही.

परंतु गीतकाराने एक गोष्ट कटाक्षाने टाळली आहे : त्याने गोरिलाला न्यायबुद्धी दिलेली नाही. पिंजऱ्याचे दार कोणी उघडले नाही, ते चुकून उघडे राहिले. गोरिलाने न्यायाधीशाला न्यायाधीश म्हणून ओळखले नाही. निवड करताना त्याने पापपुण्याचा विचार केला नाही. उलट त्याची अभिरुची वाईट म्हणून त्याने चुकीची निवड केली, असे निवेदक स्पष्टच सांगतो. म्हणजे येथे कोणी शिक्षा देत नाही. देव नाही, नियती नाही, संतप्त जमाव नाही. आहे तो केवळ एक आंधळा योगायोग. एखाद्या माणसाने, उदाहरणार्थ त्या मृत कैद्याच्या भावाने, हे कृत्य केले असते, तर गीताचा अर्थ पार बदलला असता. तो सूड झाला असता आणि सूड हे न्यायाचेच जुळे भावंड आहे. गोरिला हा सूडाच्या साखळीबाहेरचा आहे, म्हणूनच त्याला येथे आणले आहे.

अपघाताने साधते ते इतकेच की, न्यायाधीश काही क्षण कैद्याच्या जागी येतो. आपल्याहून प्रचंड बळ असलेले, युक्तिवाद न ऐकणारे, दयेची भाषा न समजणारे काहीतरी आपल्याला ओढून नेत आहे, हा अनुभव त्याला मिळतो. कैद्याच्या बाबतीत हे बळ राज्यसंस्थेचे होते. तुलनेचा रोख 'न्यायाधीश कैद्याइतकाच दोषी' असा नसून 'न्यायाधीश कैद्याइतकाच आईचा मुलगा' असा आहे.

याच संदर्भात दोन मौने ध्यानात घ्यावी लागतात. त्या माणसाने काय गुन्हा केला होता, हे गीत सांगत नाही. तो निर्दोष होता असेही सुचवीत नाही. मृत्युदंडाच्या विरोधातील सर्वांत सोपा युक्तिवाद निरपराध्याचा बळी जाण्याचा असतो. ब्रासँस त्याचा आधार घेत नाहीत. अपराधी असो वा नसो, तो रडला, एवढेच. दुसरे असे की, गीतात न्यायाधीश एकच 'निर्णय' देतो : आपल्याला वानरी समजले जाणे अशक्य आहे. हा त्याचा निर्णय पूर्णपणे चुकतो. स्वतःविषयी घडीभरापुढचे ज्याला कळले नाही, त्याने सकाळी दुसऱ्याच्या बाबतीत असा निर्णय अमलात आणला होता, जो मागे घेता येत नाही. न्यायालयीन चुकीचा मुद्दा गीतात येतो तो असा, थट्टेच्या पडद्याआडून.

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, आल्बेर काम्यू यांनी गिलोटिनवरील आपल्या दीर्घ निबंधात याच प्रश्नाला गंभीर मार्गाने हात घातला. त्याच्या प्रारंभी त्यांनी आपल्या वडिलांची हकीकत दिली आहे : एका अमानुष खुन्याचा शिरच्छेद पाहण्यास ते मोठ्या समाधानाने गेले आणि घरी परतल्यावर त्यांना ओकाऱ्या झाल्या. तत्त्व म्हणून शिक्षा मान्य असलेल्या माणसाचे शरीर प्रत्यक्ष दृश्याला नकार देते, हे काम्यू यांनी दाखवले. त्याहून आधी, १८२९ मध्ये, व्हिक्टर ह्यूगो यांनी मृत्यूची वाट पाहणाऱ्या कैद्याची रोजनिशी कल्पिली होती; तिच्यातही कैद्याच्या गुन्ह्याचे स्वरूप सांगितलेले नाही. ब्रासँस यांचे मौन या परंपरेतले आहे. मार्ग मात्र त्यांचा स्वतःचा. जो श्रोता निबंध वाचणार नाही, तो गाणे ऐकतो.

आक्षेप

या गीताचे मूल्यमापन करताना आजच्या वाचकाला काही गोष्टी खटकल्याशिवाय राहणार नाहीत, आणि त्या खटकाव्यात हेच योग्य. बलात्कार हा विनोदाचा विषय केलेला आहे. पळून जाणाऱ्या स्त्रियांना त्यांच्या भीतीबद्दल टोमणे मारले आहेत. जणू त्यांनी आधी पाहिले म्हणजे पुढच्याला संमती दिली. म्हातारीच्या इच्छेची टिंगल आहे. पुरुषावरील लैंगिक अत्याचार हा त्याच्या मानहानीचा प्रकार म्हणून हास्यास्पद ठरवला आहे. 'तो काळच तसा होता' हे यावरील उत्तर पुरेसे नाही, कारण गीत आजही ऐकले जाते.

अत्याचार झालेल्याच्या रडण्याला हसणे निर्दय आहे, ही जाणीव गीत अखेर करून देते, हा बचाव अंशतः टिकतो. न्यायाधीशाच्या बाबतीत हे खरे आहे. स्त्रियांच्या बाबतीत तसे परिवर्तन गीतात घडत नाही. पहिल्या चार कडव्यांतील त्यांची थट्टा शेवटपर्यंत थट्टाच राहते. मृत्युदंडाविषयी इतका तीक्ष्ण असलेला कवी येथे आपल्या काळाच्या पुढे गेलेला नाही, असेच म्हणावे लागते.

कायद्याच्या अंगाने आणखी एक आक्षेप संभवतो. गंभीर गुन्ह्यांच्या फ्रेंच न्यायालयात न्यायाधीश एकटा निकाल देत नाही. १९४१ पासून न्यायाधीश आणि नागरिकांतून निवडलेले पंच एकत्र बसून निर्णय करीत आले आहेत, आणि दयेचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा होता. मग एकट्या न्यायाधीशालाच झुडपात का ओढावे? तर्कदृष्ट्या आक्षेप रास्त आहे. परंतु शिरच्छेदाची जबाबदारी इतक्या जणांत वाटलेली असते की अखेरीस ती कोणाचीच राहत नाही. पंच कायद्याकडे बोट दाखवतात, न्यायाधीश पंचांकडे, मारेकरी हुकमाकडे. गीताने ती सर्व वाटणी रद्द करून एका झग्यात गोळा केली आहे.

गिलोटिननंतर

१९७२ च्या २८ नोव्हेंबरला पॅरिसच्या ला साँते तुरुंगात क्लोद ब्यूफे आणि रोजे बोंतां यांचा शिरच्छेद झाला. बोंतां याने स्वतः कोणाचा जीव घेतला नव्हता, हे न्यायालयानेही मान्य केले होते. त्याचे वकील रोबेर बादँतेर त्या पहाटे तेथे उपस्थित होते, आणि पुढचे दशक त्यांनी मृत्युदंडाच्या निर्मूलनाला वाहिले. फ्रान्समधील, आणि गिलोटिनचाही, शेवटचा शिरच्छेद १० सप्टेंबर १९७७ रोजी मार्सेय येथील बोमेत तुरुंगात हमिदा जांदुबी याचा झाला. त्या वेळी साक्षीदार म्हणून नेमणूक झालेल्या मोनिक माबेली या महिला न्यायाधीशांनी घरी परतून पाहिलेले सारे कागदावर उतरवले : त्या माणसाने एकामागून एक सिगारेट मागून मिनिटे कशी लांबवली, हे त्यात आहे. ते टिपण २०१३ मध्ये 'ल माँद' या दैनिकात प्रसिद्ध झाले. पहाटे शिरच्छेद पाहून आलेल्या न्यायाधीशाचा उरलेला दिवस कसा असतो, हा ब्रासँस यांनी पंचवीस वर्षांपूर्वी थट्टेने विचारलेला प्रश्न होता. हे टिपण त्याचे एक वेगळे, माणुसकीचे उत्तर आहे. गीतातील सर्व न्यायाधीश लाकडाचे असतात, या समजाला त्याने छेद जातो.

ब्रासँस यांनी हा विषय पुन्हा १९७६ च्या एका गीतात हाताळला. तेथे विनोद सौम्य आहे आणि नायक चक्क एक धर्मगुरू आहे. फाशी गेलेल्यासाठी प्रार्थना करणारा आणि मृत्युदंडाला विरोध करणारा. चर्चची आयुष्यभर चेष्टा केलेल्या कवीने या एका कारणासाठी पाद्र्याला नमस्कार घातला, हे लक्षणीय आहे.

मधल्या काळात 'गोरिला' इतर भाषांत गेले. इंग्लंडमध्ये जेक थॅकरे यांनी ते इंग्रजीत आणले. इटलीत फाब्रिझिओ दे आंद्रे यांनी १९६८ मध्ये त्याचे इटालियन रूपांतर गायले. इटलीच्या १९४८ पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने शांतताकाळातील मृत्युदंड आधीच रद्द केला होता. तरीही विद्यार्थी चळवळीच्या त्या वर्षी तेथील श्रोत्यांना गीत जुने वाटले नाही. झग्याआडच्या सत्तेविषयीचा त्याचा भाग त्यांना पुरेसा होता.

फ्रान्समध्ये मे १९८१ च्या निवडणुकीनंतर बादँतेर न्यायमंत्री झाले. लोकमताचा कौल त्या वेळीही मृत्युदंडाच्या बाजूने होता. १८ सप्टेंबरला राष्ट्रीय सभेने आणि ३० सप्टेंबरला सिनेटने निर्मूलनाचे विधेयक संमत केले, आणि ९ ऑक्टोबर १९८१ रोजी त्याचा कायदा झाला. ब्रासँस त्या वेळी कर्करोगाने अखेरच्या आजारात होते. २२ ऑक्टोबरला त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि २९ ऑक्टोबरला सेतपासून जवळच असलेल्या एका गावी त्यांचे निधन झाले. ज्या देशात शिरच्छेद कायदेशीर होता त्या देशात जन्मलेला हा कवी, तो कायदेशीर नसलेल्या देशात वीस दिवस जगला. फेब्रुवारी २००७ मध्ये मृत्युदंडाची बंदी फ्रान्सच्या राज्यघटनेत समाविष्ट झाली. बादँतेर यांचे २०२४ मध्ये निधन झाले, आणि ९ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे कायद्याच्या तारखेलाच, पॅरिसच्या पाँतेओंमध्ये त्यांना स्थान देण्यात आले.